शॉकअप गळतोय आणि ट्रिप परवा!

गुरुवारी रात्रीचे साडेनऊ. ग्रुपवर पॅकिंगचे फोटो पडत होते, स्पीकर कोण आणणार यावर भांडण चालू होतं, आणि मी पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च मारून बाबांच्या बाइकच्या पुढच्या चाकाशी उकिडवी बसले होते. एका शॉकअपच्या चकचकीत पाइपवर तेलाची गोल रेघ दिसत होती. फडक्याने पुसली. पुढचा ब्रेक दाबून हँडल दहा-बारा वेळा खाली रेटलं. रेघ परत हजर!

शनिवारी पहाटे पाचला निघायचं होतं. पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर. चार जण, दोन बाइक. आमच्यातली एक सोमवारी बंगळुरूला जॉइन होणार, त्यामुळे ‘पुढच्या वीकेंडला जाऊ’ हा ऑप्शनच नव्हता. होमस्टेचा अ‍ॅडव्हान्सही भरून झालेला. मी ग्रुपवर फोटो टाकला. उत्तरं आली, ‘चालतंय गं’, ‘एवढंसंच तर आहे’ आणि ‘मोजा बांध’.

हे शेवटचं जोक वाटेल, पण लोक खरंच करतात. पाइपला जुना मोजा किंवा फडकं गुंडाळायचं, तेल त्यात मुरतं, दिसत नाही. दिसत नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही, असा हिशोब.

आधी हे तेल तिथे येतं कुठून ते सांगते, कारण मलाही शुक्रवारपर्यंत माहीत नव्हतं. पुढच्या शॉकअपमध्ये स्प्रिंग असते आणि तेल असतं. खड्डा आला की वरचा पाइप खालच्या नळीत घुसतो, आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि त्यामुळे स्प्रिंगची उडी आवरते. पाइप आत-बाहेर होताना तेल बाहेर येऊ नये म्हणून नळीच्या तोंडाशी रबरी ऑइल सील असतं आणि त्याच्या वर धूळ अडवणारं डस्ट सील. सील गेलं की तेल हळूहळू बाहेर. तेल कमी झालं की बाइक पुढून टणाटण उडायला लागते आणि ब्रेक मारला की नाक खुपसते.

दर वेळी सील फाटलेलंच असतं असं नाही. कधी कधी सीलच्या ओठाखाली नुसता वाळूचा कण किंवा वाळलेला चिखल अडकलेला असतो. अशा वेळी डस्ट सील अलगद वर सरकवायचं, पातळ प्लास्टिकची पट्टी सील आणि पाइपच्या मधे सरकवायची आणि गोल फिरवून कचरा बाहेर ओढायचा. पट्टीला कडेला हुकसारखा छोटा काप द्यायचा. स्क्रू ड्रायव्हर वगैरे घालायचा नाही, सील बरं असलं तरी कापलं जाईल. गुरुवारी रात्री मी आजीच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेमधून अशी पट्टी कापली. (आजीला अजून माहीत नाही.) काळाकुट्ट गाळ निघाला, मी खूश. सकाळी क्लासला सोडायला भाऊ घेऊन गेला, परत आला, पाइप बघितला तर रेघ होतीच. म्हणजे सीलच गेलेलं.

शुक्रवारी घराजवळच्या गॅरेजमध्ये गेले. त्यांनी लांबूनच बघितलं. ‘ताई, बिनधास्त जाऊन या. आल्यावर करू.’ खरं सांगू? मला हेच ऐकायचं होतं. बाबाही म्हणाले, ‘या गाडीवर मी तीनदा कोल्हापूरला जाऊन आलोय, काही होत नाही तिला.’ दोन-दोन मोठी माणसं सांगतायत म्हटल्यावर मी कोण? तरी मैत्रिणीच्या भावाने एका दादाचं गॅरेज सांगितलं होतं, म्हणून तिथे फक्त विचारायला गेले.

दादाने शॉकअपकडे बघितलंसुद्धा नाही. आधी पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. तेलकट.

‘कुठं निघालाय?’

‘हरिहरेश्वर. ताम्हिणीतून.’

‘मागं कोण बसणार?’

‘मैत्रीण.’

‘मग तिला विचारा, चालतंय का म्हणून.’

मला काही बोलताच येईना. आमच्या बाइकवर गळणारा शॉकअप नेमका डिस्कच्या बाजूचा. तेल नळीवरून ओघळत खाली येतं, ब्रेकचा कॅलिपर तिथेच, वारा उरलेलं काम करतो. ब्रेक मारल्यावर सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून बाइक थांबवण्याचा मोठा भाग पुढचाच ब्रेक करतो. त्याच्या पॅडला तेल लागलं तर लिव्हर नेहमीसारखी दाबली जाते, पण पकड येत नाही. शहरात सिग्नलला हे कळतही नाही. ताम्हिणीतून कोकणात उतरताना, डबलसीट, सॅकसकट, वळणावर समोर एसटी आली की कळतं. ग्रुपवर आम्ही सगळे ‘थेंबभर तेल’ म्हणत होतो. प्रश्न तेल किती गळतंय हा नव्हताच, ते पडतंय कुठे हा होता.

मग नाना पेठ! पुण्यात टू-व्हीलरचे पार्ट म्हटलं की नाना पेठच. दादाने बजावलं होतं, सील दोन्ही बाजूंची घ्या. एक गेलं म्हणजे दुसरंही तेवढंच जुनं आहे, आणि एका बाजूला नवं तेल, दुसऱ्या बाजूला जुनं, असं नको. सील, डस्ट सील, फोर्क ऑइल आणि ब्रेक पॅड. तेल लागलेले पॅड घासून, जाळून परत वापरणारेही असतात. दादा म्हणाला, ब्रेकमध्ये काटकसर नको. दुकानात काउंटरवरच्या काकांनी ‘भाऊ नाही आला का?’ असं विचारलं. भाऊ झोपला होता, काका.

दुपारी शॉकअप उघडला. आतून निघालेलं तेल राखाडी, आणि वास सडलेल्या मासळीसारखा. दादाने मोकळ्या पाइपवरून नख फिरवलं, दोन ठिकाणी नख अडकलं. गंजाचे बारीक टोचे. बाबांनी स्कूटर घेतल्यापासून बाइक दोन पावसाळे उघड्यावर उभी होती, त्याचा हा परिणाम. गाडी चालवली नाही तर खराब होत नाही, असं मला वाटायचं. असा टोचा राहिला तर नवं सीलही थोड्या दिवसांत कापलं जातं आणि लोक म्हणतात, सील डुप्लिकेट होतं. आमचे टोचे वरवरचे निघाले. हजार नंबरचा पॉलिश पेपर ओला करून, पाइपच्या भोवती आडवा घासून गेले. खोल असते तर पाइपच बदलावा लागला असता आणि मग ट्रिप गेलीच होती.

बाकी काम मी स्टुलावर बसून बघितलं. नवं सील कापलं जाऊ नये म्हणून पाइपच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी, सीलच्या ओठाला तेल, आणि बसवायला पीव्हीसी पाइपचा तुकडा. तेल मात्र अंदाजाने नाही. प्रत्येक मॉडेलचं माप मॅन्युअलमध्ये मिलिलिटरमध्ये दिलेलं असतं, दादाने मापाच्या भांड्याने दोन्हीकडे सारखं भरलं. ग्रेडही मॅन्युअलमधलाच, आमच्या बाइकला १०डब्ल्यू. इंजिन ऑइल उरलंय म्हणून ओतायचं नाही, जाडी वेगळी असली की शॉकअपचं वागणंच बदलतं. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसली, नवे पॅड बसले. साडेअकराशे रुपये झाले. स्टायपेंडचा निरोप समारंभ.

निघताना दादाने चावी दिली नाही, आधी ब्रेक दाबायला लावला. पहिल्यांदा लिव्हर पार आत गेली, माझ्या पोटात गोळा. चार-पाच वेळा पंप केल्यावर घट्ट झाली. कॅलिपरचं काम झालं की असं होतंच, म्हणून गाडी हलवायच्या आधी हे करायचं. ‘आणि उद्या पहाटे निघू नका. आधी तीस-चाळीस किलोमीटर फिरवा, नवे पॅड बसू देत, पाइप पुसून बघा, मग जा.’

ग्रुपवर सांगितलं, पाच नाही, दहाला निघू. शिव्या पडल्या. सनराइज, मुळशीचं धुकं, सगळं माझ्यामुळे गेलं म्हणे. जिला मागे बसायचं होतं तिला मी फोन करून डिस्कचं सांगितलं. ती दोन सेकंद गप्प झाली आणि म्हणाली, ‘अकराला निघू हवं तर.’

शनिवारी सकाळी एकटीच पौडपर्यंत जाऊन आले. पाइप कोरडा. दहा वीसला निघालो, ताम्हिणीत एक वडापाव, माणगावात जेवण. हरिहरेश्वरला पोहोचलो तेव्हा सूर्य मावळतच होता. बाकीचे तिघं समुद्राकडे पळाले. मी टिश्यू पेपर काढून दोन्ही पाइप पुसले आणि पांढऱ्याफटक टिश्यूचा फोटो ग्रुपवर टाकला. समुद्रापेक्षा जास्त लाइक त्याला आले.