दिवस लहान, पहाट उशिरा : हिवाळ्यात मन आणि झोप का बिघडते?

नवी दिल्ली, २१ डिसेंबर : उत्तर गोलार्धात वर्षातील सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. या दिवशी दिल्लीत सूर्योदय ते सूर्यास्त हे अंतर जेमतेम १० तास २० मिनिटांचे असते. श्रीनगरमध्ये ते १० तासांहूनही कमी, तर मुंबईत सुमारे ११ तास असते. याच सुमारास अनेक घरांत एकसारख्या तक्रारी ऐकू येतात. सकाळी अंथरूण सोडवत नाही, रात्री वेळेवर झोप लागत नाही, कामात मन रमत नाही आणि सतत काहीतरी गोड खावेसे वाटते. घरातील मंडळी त्याला थंडीचा आळस म्हणतात आणि विषय तेथेच संपतो. बहुतेकांच्या बाबतीत प्रश्न तेवढाच असतो. काहींच्या बाबतीत मात्र ती एका ओळखता येणाऱ्या आणि बऱ्या होऊ शकणाऱ्या आजाराची सुरुवात असते. दोन्हींच्या मुळाशी थंडीपेक्षा प्रकाशाचा, त्यातही सकाळच्या प्रकाशाचा, संबंध अधिक आहे.

शरीराचे घड्याळ प्रकाशावर चालते

मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. झोप, जाग, शरीराचे तापमान आणि अनेक संप्रेरकांचे स्रवण यांचे वेळापत्रक तो सांभाळतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बहुतेक माणसांमध्ये या घड्याळाचा फेरा २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो. त्यामुळे ते रोज थोडे मागे पडते आणि रोज जुळवून घ्यावे लागते. हे काम प्रकाश करतो. डोळ्याच्या दृष्टिपटलावरील काही विशिष्ट पेशी केवळ उजेडाची तीव्रता टिपून तो संदेश या पुंजक्याकडे पोहोचवतात. सकाळचा उजेड घड्याळ पुढे आणतो, तर रात्रीचा उजेड ते मागे ढकलतो. अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. डोळ्यांवर प्रखर प्रकाश पडला की हे स्रवण दबते.

हिवाळ्यात नेमके उलटे घडते. सकाळ अंधारी राहते, तर संध्याकाळनंतर घरातील दिवे, दूरचित्रवाणी आणि मोबाइल यांचा उजेड मध्यरात्रीपर्यंत डोळ्यांवर पडत राहतो. घड्याळ मागे सरकते. पण शाळा, कार्यालय आणि लोकल गाडी यांची वेळ तीच राहते. गजर वाजतो तेव्हा शरीराच्या हिशेबाने अजून रात्रच असते.

जानेवारीची पहाट अधिक कठीण

२२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो, म्हणजे पहाटही लवकर होऊ लागत असेल, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तसे नाही. पृथ्वीचा कललेला अक्ष आणि तिची लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त आणि सर्वांत उशिरा होणारा सूर्योदय एकाच दिवशी येत नाहीत. देशाच्या बऱ्याच भागात सूर्यास्त नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सर्वांत लवकर होऊन जातो. सूर्योदय मात्र त्यानंतरही लांबत राहतो आणि जानेवारीच्या मध्याच्या आसपास सर्वांत उशिरा होतो. तेव्हा दिल्ली आणि मुंबई या दोन्ही शहरांत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे महाराष्ट्रात म्हटले जाते. दिवसाची लांबी त्याआधीच वाढू लागलेली असली, तरी पहाटेपुरते हे निरीक्षण बरेचसे खरे आहे. नवे वर्ष सुरू झाले तरी उठणे सोपे का होत नाही, याचे एक कारण येथे सापडते.

भारतात अक्षांशाइतकाच इतर गोष्टींचाही परिणाम होतो. लंडनमध्ये या दिवसांत सूर्य आठ तासही दिसत नाही. त्या तुलनेत भारताचा हिवाळा उजळ म्हणायला हवा. परंतु पंजाबपासून बिहारपर्यंतच्या पट्ट्यात दाट धुके आणि प्रदूषण दिवसचे दिवस ऊन अडवतात. देशभर एकच प्रमाणवेळ असल्याने गुवाहाटीत डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो आणि कार्यालये अंधारात सुटतात. आसामच्या चहाच्या मळ्यांत घड्याळे एक तास पुढे ठेवण्याची जुनी पद्धत आहे, ती यामुळेच. शहरांत तर घर, वाहन आणि कार्यालय असा सारा दिवस छताखाली जातो. तेथे मुंबईचे ११ तासांचे ऊनही डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही.

आळस आणि आजार यांतील सीमा

ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचे वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत केले आणि १९८४ मध्ये ते प्रसिद्ध केले. आज वैद्यकशास्त्र त्याला स्वतंत्र आजार न मानता नैराश्याचाच एक प्रकार मानते. शरद ऋतूच्या अखेरीस किंवा हिवाळ्यात सुरू होणे, वसंतात आपोआप ओसरणे आणि सलग किमान दोन वर्षे हाच क्रम दिसणे, ही त्याची ओळख आहे. नेहमीच्या नैराश्यात बऱ्याचदा झोप आणि भूक उडते. येथे मात्र झोप वाढते, पिष्टमय आणि गोड पदार्थांची ओढ लागते, वजन वाढते आणि अंग जड वाटते.

साधी मरगळ चांगली बातमी, पाहुणे किंवा सुटी यांनी हटते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज राहिली, आवडत्या गोष्टींतले मन उडाले, काम आणि नाती यांवर परिणाम होऊ लागला, तर तो आळस नव्हे. अशा व्यक्तीला ‘जरा उत्साह दाखव’ असे सांगणे निरुपयोगी ठरते. तिला डॉक्टरांकडे नेणे उपयोगी ठरते.

उजेडाचे मोजमाप आणि उपाय

प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. घरातील दिव्यांचा उजेड साधारण १०० ते ३०० लक्स असतो. ढगाळ हवेतही उघड्यावर तो काही हजार लक्स भरतो आणि भर उन्हात एक लाखाच्या आसपास जातो. डोळ्यांना लख्ख वाटणारी खोली शरीराच्या घड्याळासाठी संधिप्रकाशासारखी असते.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही व्यक्तींना आठवडाभर विजेच्या दिव्यांविना तंबूत ठेवले होते. त्यांचे शरीराचे घड्याळ सुमारे दोन तासांनी पुढे आले. घर न सोडताही यातून घेण्यासारखे बरेच आहे. रोज, सुटीच्या दिवशीही, एकाच वेळी उठावे. सूर्य वर आल्यावर अर्धा तास गच्चीत, अंगणात किंवा रस्त्यावर घालवावा; चालणे जमले तर उत्तम. हवा अतिशय प्रदूषित असेल तेव्हा खिडकीजवळ बसून चहा किंवा वृत्तपत्र वाचन उरकावे. काचेतून येणारा उजेड घड्याळासाठी चालतो. ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण मात्र काच अडवते, हे लक्षात ठेवावे. दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटे बाहेर पडावे. वामकुक्षी अर्ध्या तासापलीकडे नेऊ नये आणि दुपारनंतर चहा-कॉफी आवरती घ्यावी. झोपण्यापूर्वी तासभर दिवे मंद करून मोबाइल दूर ठेवावा. घरातील वृद्धांना थंडीच्या भीतीने दिवसभर बंद खोलीत ठेवू नये; उबदार कपड्यांत कोवळ्या उन्हात बसणे त्यांच्या झोपेलाही हितकर असते. सूर्याकडे थेट पाहणे मात्र कोणीही टाळावे.

निदान झालेल्या रुग्णांसाठी १०,००० लक्सच्या विशेष दिव्यासमोर सकाळी सुमारे अर्धा तास बसण्याची प्रकाशोपचार पद्धती वापरली जाते. जोडीला समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे दिली जातात. डोळ्यांचे विकार असलेल्यांनी, तसेच कधी उदास तर कधी अतिउत्तेजित होणाऱ्या द्विध्रुवीय विकाराच्या रुग्णांनी असा दिवा स्वतःहून वापरू नये. दुसऱ्या प्रकारात अतिउत्तेजनाचा झटका येण्याचा धोका असतो.

जगणे नकोसे वाटण्याचा विचार मनात आला, तर ऋतू पालटण्याची वाट पाहू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीसह अनेक भारतीय भाषांत प्रशिक्षित समुपदेशकांशी बोलता येते.