आकाशातल्या स्फोटांची मोजदाद

बचत, कर्ज, व्याज हे आपण दर महिन्याला बोलतो. आज गोष्ट हिशेबाचीच, पण आभाळातली.

दवाखान्यातल्या एक्स-रेहूनही जोरकस किरण असतात, त्यांना गामा किरण म्हणतात. एखादा प्रचंड तारा कोसळतो किंवा दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, तेव्हा या किरणांचा लोट सुटतो. दोन सेकंदांच्या आत संपला तर बहुधा ती टक्कर असते, जास्त टिकला तर बहुधा ताऱ्याचं मरण. अशा टकरीत सोनंही तयार होतं. आपल्या मंगळसूत्राच्या वाट्या किती जुन्या घराण्यातल्या, बघा!

हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि आपली हवा त्यांना अडवते. ते आपल्या भल्याचंच आहे. पण मोजायचं तर हवेच्या वर जावं लागतं. म्हणून २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘ॲस्ट्रोसॅट’ ही भारताची दुर्बीण सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर सोडली. तिच्यावर ‘सीझेडटीआय’ नावाचं एक यंत्र आहे. त्याच्या माहितीचा हिशेब पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत होतो.

या यंत्रात १६ हजारांहून जास्त बारीक घरं आहेत. किरण घरात पडला की विजेचा छोटा ठोका उमटतो आणि त्याची वेळ व जोर नोंदला जातो. पत्र्यावर पावसाची भुरभुर चालू असताना एकदम सर आली, तर घरात बसूनही कळतं ना? तसंच हे. यंत्राचे चार भाग आहेत. एकाच भागातला आकडा वाढला तर शंका घ्यायची. चारही भागांत एकाच वेळी वाढला, तर लोट खरा.

याचा उपयोग काय झाला? ४ जानेवारी २०१७ रोजी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची लहर अमेरिकेतल्या यंत्रांनी टिपली. त्यानंतर हवाई बेटांवरच्या दुर्बिणीला आकाशाच्या त्याच भागात एक विझत जाणारा उजेड दिसला. हा उजेड त्या लहरीचाच का? तसं असतं तर फार मोठा शोध ठरला असता. पण आपल्या यंत्राच्या नोंदीत लहरीनंतर सुमारे २१ तासांनी एक वेगळा लोट सापडला. उजेड त्या लोटाचा होता, लहरीशी त्याचा संबंध नव्हता.

नोव्हेंबर २०२३ पर्यंत या यंत्राने असे ६०० लोट टिपले. मैत्रिणींनो, आपल्या गटातही पैसे कधी भरले यावरून वाद होतो, तेव्हा तारीख घालून केलेली नोंदच तो मिटवते. आभाळाचा हिशेबही तसाच चालतो. गावातल्या विज्ञान शिकणाऱ्या मुलींना हे जरूर सांगा.