मोटारसायकलवरून दीपगृहांची फेरी

आपण म्हणाल, शेती खात्याचा माणूस खते-बियाणे आणि कीड-रोग सोडून आज समुद्रावरच्या दीपगृहांच्या गोष्टी कशाला सांगतो आहे? आपले विचारणे रास्त आहे. पण ही गोष्ट सुरू झाली ती एका सुपारीच्या आगरातच, म्हणून ती तिथूनच सांगतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास धडकले. पुढचे कित्येक दिवस आम्ही पंचनामे करीत आगरांतून हिंडत होतो. श्रीवर्धनची रोठा सुपारी आपणास ठाऊक असेल. ती सुपारी देणारी वाडवडिलांच्या हातची झाडे मधोमध मोडून एकमेकांवर पडली होती. माझे एक जुने स्नेही आहेत, त्यांना मी अण्णा म्हणतो. त्यांच्या आगरात मी झाडे मोजली, आकडे लिहिले, सही घेतली. अण्णांनी सही केली, पण मान वर करून पाहिले नाही.

सरकारी मदत आली, पडलेली झाडे निघाली, घरावर पत्रे चढले. अण्णा मात्र ओटीवर बसून राहिले. नवी रोपे लावा म्हटले तर म्हणत, "साहेब, सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं. मी साठीला आलो. पोरगा मुंबईत. कुणासाठी लावू?" या प्रश्नाला माझ्या कोणत्याही पुस्तकात उत्तर नव्हते.

दीड वर्ष असेच गेले. २०२१ च्या दिवाळीनंतर एकदा वहिनी मला पडवीत गाठून हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना कुठंतरी घेऊन जा. देवाला नको, दवाखान्यात नको. नुसतं कुठंतरी."

मला रविवारी मोटारसायकल काढून किनाऱ्याने हिंडण्याचा आणि दीपगृहांचे फोटो काढण्याचा नाद आहे. गाडी जुनी, शंभर सीसीची. कॅमेराही साधाच. मी अण्णांना म्हणालो, "उद्या सकाळी मागच्या सीटवर बसा. बोलायचं नसेल तर बोलू नका." ते आले.

पहिला दिवस : कोर्लई

श्रीवर्धनहून दिघीला गेलो. तिथे फेरीबोटीत गाडी चढवली आणि खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरलो. मुरूड मागे टाकून रेवदंड्याच्या अलीकडे कोर्लई गाव लागते. कोळीवाड्यातून जाणारी अरुंद वाट खाडीच्या कडेने किल्ल्याच्या डोंगराला चिकटून जाते आणि थेट दीपगृहापाशी संपते. किल्ला पोर्तुगीजांच्या वेळचा आहे. या गावातले काही लोक आजही घरात पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली त्यांची स्वतःची बोली बोलतात.

अण्णांनी दीपगृहाकडे पाहिले आणि त्या दिवसातले पहिले वाक्य बोलले, "एवढंसंच? मला वाटलं, मोठा मनोरा असेल."

हीच शंका आपल्यालाही येईल, म्हणून सांगतो. शेताची राखण करायला आपण मचाण बांधतो. सपाट रानात मचाण उंच लागते, पण टेकाडावर बसलो तर बुटके मचाणही पुरते. दीपगृहाचे तसेच आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे ठरावीक अंतरानंतर दिवा क्षितिजाआड जातो. पाण्याच्या पातळीवरून पाहिले तर २५ मीटर उंचीवरचा दिवा साधारण १९ किलोमीटरपर्यंत दिसतो आणि १०० मीटर उंचीवरचा साधारण ३८ किलोमीटरपर्यंत. उंची चौपट केली की अंतर दुप्पट होते. आपल्या कोकणाला डोंगराची सोंडच समुद्रात आलेली असते. निम्मे काम डोंगर करतो, म्हणून मनोरा बुटका चालतो.

याउलट जिथे जमीन सखल आहे किंवा नुसता खडक आहे, तिथे मनोरा उंच बांधावा लागतो. थळच्या समोर समुद्रात खांदेरी बेट आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तिथे किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. त्या बेटावर १८६७ मध्ये दीपगृह झाले आणि आज ते कान्होजी आंग्रे दीपगृह म्हणून ओळखले जाते. तिथे मोटारसायकल जात नाही. आम्ही नंतर एकदा थळच्या किनाऱ्यावरूनच त्याचा फोटो घेतला.

दिवा मोजायचा असतो

दुसऱ्या खेपेला दक्षिणेकडे निघालो. बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडली आणि वेसवीला उतरलो. केळशी, आंजर्ले, हर्णै करीत दाभोळ गाठले. पुन्हा फेरीबोट. समोर धोपावे लागते, तिथून अंजनवेल जवळ आहे. अंजनवेलला गोपाळगड आहे, आणि थोडे पुढे कड्यावर टाळकेश्वराचे देऊळ आणि शेजारी टाळकेश्वरचे दीपगृह.

दाभोळच्या फेरीबोटीत एक मच्छीमार भेटले. मी विचारले, "आता तुमच्याकडे जीपीएस आलं. दीपगृहाचं काय काम?" ते हसले. म्हणाले, "यंत्र सांगतं तेवढ्यावर बोट चालते, साहेब. पण खाडीत शिरताना आपला दिवा डोळ्यांनी दिसला, की जीव भांड्यात पडतो."

अण्णांनी लगेच विचारले, "आपला दिवा कसा ओळखता? रात्री सगळे दिवे सारखेच."

प्रश्न नेमका होता. प्रत्येक दीपगृहाची स्वतःची खूण ठरलेली असते. समजा, एक दिवा दर दहा सेकंदांनी एकदा चमकतो. दुसरा लागोपाठ दोनदा चमकतो आणि मग बराच वेळ अंधार. तिसऱ्याचे अंतर आणखी वेगळे. या खुणा नाविकांच्या पुस्तकात आणि नकाशावर छापलेल्या असतात. खलाशी चमक मोजतो, मधला अंधार मोजतो आणि आपण कुठे आहोत ते ओळखतो. म्हणजे दिवा नुसता प्रखर असून भागत नाही. तो दररोज ठरल्या वेळी आणि ठरल्या अंतरानेच चमकला पाहिजे. दिवसा खूण पटावी म्हणून पुष्कळ ठिकाणी मनोऱ्यावर रंगाचे पट्टे ओढलेले असतात.

भिंगाची करामत

पुढे एका दीपगृहात वर जायला मिळाले. गोल जिना चढताना अण्णा दोनदा थांबले, पण चढले. वर गेल्यावर पाहतो तर दिवा अगदी लहान, आणि त्याच्याभोवती माणसाला झाकेल एवढे काचेचे भिंग.

पूर्वी या दिव्यांत तेल आणि वात असे. पुढे रॉकेलची वाफ करून मँटल पेटवीत, आपल्या लग्नातल्या पेट्रोमॅक्ससारखे. मग विजेचे दिवे आले आणि आता एलईडी. पण खरी करामत भिंगाची. फ्रान्सच्या ऑगस्टिन फ्रेनेल यांनी ते शोधले आणि १८२३ मध्ये त्यांच्या देशातील कोर्दुआँ दीपगृहात प्रथम लावले. एकच जाडजूड भिंग करायचे तर ते फार जड होईल, म्हणून त्यांनी काचेच्या कंगोऱ्यांची कडी एकात एक बसवली. पाटाचे पाणी चहूकडे पसरून जिरू न देता दांड घालून एका सरीत आणावे, तसा दिव्याचा चहूकडे जाणारा उजेड हे भिंग एका झोतात आणते. भिंग फिरते आणि झोत समुद्रावरून फिरतो. बोटीवरच्या माणसाला तो समोर आला तेवढ्यापुरता दिसतो, म्हणून दिवा उघडझाप करतो असे वाटते. जुन्या काळी हे जड भिंग पाऱ्यावर तरंगत ठेवीत आणि घड्याळासारख्या यंत्राने फिरवीत. त्या यंत्राचे वजन रहाट फिरवल्यासारखे हाताने वर ओढावे लागे, आणि तेही रात्रीतून अनेकदा.

दिवसा त्या काचांना पडदे लावलेले असतात. अण्णांनी कारण विचारले. तिथले दीपगृहवाले म्हणाले, "लहानपणी भिंगानं कागद जाळलात ना? हे तर केवढं भिंग. ऊन उलटं आत आलं, तर दिव्याचंच नुकसान."

मग अण्णांनी त्यांना आणखी एक प्रश्न विचारला. "रात्रभर दिवा चालतो. तो बघून कोण वाचलं, कोण घरी पोचलं, तुम्हाला कळतं का?"

"नाही कळत," ते म्हणाले. "बोट दिसतच नाही बहुतेक वेळा. आपण वेळेवर लावायचा आणि वहीत वेळ लिहायची."

परत येताना अण्णा बराच वेळ गप्प होते. तवसाळच्या धक्क्यावर जयगडच्या फेरीबोटीची वाट पाहत असताना एकदम म्हणाले, "साहेब, माझ्या आज्यानं सुपारी लावली, तेव्हा मी कुठं होतो?" मी काही उत्तर दिले नाही. बोट आली. जयगडचे १९३२ सालचे दीपगृह आम्ही त्या संध्याकाळी पाहिले आणि त्याचा फोटो अण्णांनी काढला. थोडा तिरका आला आहे, पण तोच त्यांच्या पडवीत लावला आहे.

२०२२ च्या पावसाळ्यात त्यांनी रोठा जातीची रोपे लावली. अंतर २.७ मीटर बाय २.७ मीटर, म्हणजे गुंठ्याला साधारण तेरा-चौदा झाडे. कोवळ्या रोपांना ऊन लागू नये म्हणून मध्ये केळी घातली. केळीचे पैसेही हातात आले. अजून सुपारी धरलेली नाही. पण अण्णा पहाटे शिंपण्याला उठतात आणि मुलगा गणपतीला आला की त्याला रांगा दाखवतात. मुलगा परत येईल की नाही, हे मला माहीत नाही. अण्णांनाही नाही.

आपल्याला जायचे असेल तर

भात कापून झोडून झाले, की आंब्याच्या मोहोराच्या फवारण्या सुरू होण्यापूर्वी चार दिवस मोकळे मिळतात. तेव्हा निघावे. घाटावरच्या मंडळींना श्रीवर्धनसाठी ताम्हिणी घाट, गुहागरसाठी कुंभार्ली, रत्नागिरीसाठी आंबा आणि देवगडसाठी फोंडा घाट सोयीचा. देवगडचे दीपगृह किल्ल्यावरच आहे. पुढे वेंगुर्ल्याला बंदरावरच्या टेकडीवर एक आहे. गोव्यात गेलात तर आग्वादचा १८६४ सालचा जुना मनोरा जरूर पाहा. त्याचा दिवा १९७६ मध्ये बंद झाला, पण मनोरा उभा आहे.

पावसाळ्यात हा बेत करू नका. जांभ्यावर शेवाळ धरते, गाडी घसरते, आणि वारा वाढला की फेरीबोटीही थांबतात. निघण्यापूर्वी टायर, ब्रेक, चेन आणि कागद तपासा. डोक्याला हेल्मेट हवेच, मागे बसणाऱ्यालाही. पेट्रोल मोठ्या गावातच भरून घ्या. फेरीबोटीवर गाडी साइड स्टँडवर लावाल, तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि हाताने धरून उभे राहा. घरी आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल द्या. खारा वारा लोखंडाला सोडत नाही.

दीपगृहात वर जाण्याची वेळ ठरलेली असते, ती फाटकावर विचारावी. थोडे तिकीट असते. फोटोची परवानगी आधी घ्यावी, आणि नाही म्हटले तर हुज्जत घालू नये.

फोटोसाठी महाग कॅमेरा लागत नाही, मोबाइलही चालतो. भर दुपारी काढू नका, पांढरा मनोरा नुसता चुन्याचा ढीग दिसतो. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, सूर्य पाठीशी ठेवून काढा. शेजारी माणूस किंवा माड येऊ द्या, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. सर्वांत चांगला फोटो सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मिळतो. आकाश अजून निळे असते आणि दिवा लागलेला असतो. कॅमेरा गडग्यावर टेकवून ठेवा आणि आधी चमक मोजा. अंतर ध्यानात आले की बरोबर वेळी बटण दाबता येते.

आणि जाताना एकटे जाऊ नका. आपल्या गावात ओटीवर बसून राहिलेला कोणी असेलच. त्याला मागच्या सीटवर घ्या. समजावण्याचे भाषण बरोबर नेऊ नका, भाकरी मात्र दोघांची बांधून घ्या.