हातापायांनी वाजणारे वाद्य

शाळेत प्रार्थनेच्या वेळी वाजणारी पेटी तुम्ही जवळून पाहिली असेल. वादक एका हाताने भाता हलवतो आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या दाबतो. मराठी संगीत नाटकांच्या साथीला असलेल्या पायपेटीचा भाता पायांनी चालवत, म्हणून दोन्ही हात वाजवायला मोकळे राहत. युरोपातील मोठ्या चर्चमधला ऑर्गन मात्र याहून निराळा. तेथे भात्याचे काम पूर्वी वेगळी माणसे करीत, आता विजेचा पंखा करतो. आणि वादक हातांबरोबर पायांनीही स्वर वाजवतो!

पेटीत पितळेच्या पातळ पट्ट्या कंप पावतात. ऑर्गनच्या बहुतेक नळ्यांत बासरीप्रमाणे हवेचा स्तंभ कंप पावतो. बासरीत भोके झाकून आपण या स्तंभाची लांबी बदलतो. ऑर्गनमध्ये मात्र प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी असते. दोन्हीकडे उघडी असलेली नळी निम्मी केली, की कंपने सुमारे दुप्पट होतात आणि स्वर एक सप्तक वर चढतो. सर्वांत लांब नळ्या सुमारे दहा मीटरच्या. त्यांत दर सेकंदाला जेमतेम १६ कंपने होतात. हा खर्ज कानांपेक्षा छातीलाच अधिक जाणवतो.

आता यातील अडचण पाहा. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच! शिवाय पट्टी दाबलेली असेपर्यंत स्वर अखंड चालू राहतो. सतारीच्या तारेसारखा तो आपोआप विरत नाही. मग वादकाच्या हाती उरते काय? कोणत्या नळ्या जोडायच्या, पट्टी नेमकी केव्हा दाबायची आणि नेमकी केव्हा सोडायची. मोठ्या दगडी चर्चमध्ये नाद कित्येक सेकंद घुमत राहतो. बोट उचलायला उशीर झाला, तर सगळ्या स्वरांचा गोंधळ उडतो.

हे कौशल्य एका जवळजवळ अंध मुलाने कसे मिळवले, ते पाहण्यासारखे आहे. लुई व्हिएर्न याचा जन्म १८७० साली फ्रान्समध्ये प्वातिए येथे झाला. जन्मापासूनच त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होते. पॅरिसच्या अंधशाळेत त्याचे शिक्षण झाले. ब्रेल लिपीचे जनक लुई ब्रेल याच शाळेचे विद्यार्थी व शिक्षक. तेही चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. ब्रेलमधील स्वरलेखन बोटांनी वाचावे लागते. ती बोटे त्याच वेळी वाजवणार कशी? म्हणून उजव्या हाताचा, डाव्या हाताचा आणि पायांचा भाग वेगवेगळा पाठ करून मग ते एकत्र जुळवावे लागतात.

पुढे १८९० मध्ये पॅरिसच्या संगीत विद्यालयात तो सेझार फ्रँक यांच्या वर्गात दाखल झाला. काही आठवड्यांतच फ्रँक वारले आणि शार्ल-मारी विदोर शिकवू लागले. विदोर मोठे शिस्तीचे! हातापायांची प्रत्येक हालचाल ते तपासून घेत. १८९४ मध्ये व्हिएर्नला पहिले पारितोषिक मिळाले. १९०० मध्ये चुरशीच्या स्पर्धेतून पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलमध्ये त्याची मुख्य वादक म्हणून निवड झाली. तेथील ऑर्गनला हातांसाठी पट्ट्यांच्या पाच रांगा होत्या आणि पायांसाठी एक निराळी.

१९०६ मध्ये रस्त्यात पडून त्याचा पाय मोडला. पाय कापावा लागेल अशी भीती होती. तो वाचला, पण पायांनी वाजवण्याचे सारे तंत्र व्हिएर्नला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. पुढे ऑर्गनच्या दुरुस्तीसाठी निधी जमवायला त्याने दूरदूरचे दौरेही केले.

२ जून १९३७ रोजी नोत्र-दाममध्ये त्याचा १७५० वा कार्यक्रम होता. ठरलेली रचना वाजवून झाली. आता दिलेल्या स्वरावलीवर आयत्या वेळी नवे संगीत रचून वाजवायचे होते. एवढ्यात तो कोसळला. पाय खर्जाच्या पट्टीवर पडला आणि तो एकच स्वर चर्चभर घुमत राहिला. पट्टी दाबलेली होती ना!

२०१९ च्या आगीतून हा ऑर्गन बचावला, पण शिशाच्या धुळीने माखला. त्याच्या सुमारे आठ हजार नळ्या साफ करून परत बसवल्या गेल्या आणि ७ डिसेंबर २०२४ रोजी तो पुन्हा वाजला.