मुज्तबा हुसेन: सदराने घडवलेला विनोदकार

ज्या शहरात चादरघाटच्या पुलाच्या एका अंगाला मलकपेठ आणि दुसऱ्या अंगाला, थोड्या अंतरावर, ‘सियासत’ या उर्दू दैनिकाचे कार्यालय असलेले आबिड्स आहे, त्या हैदराबादेत मुज्तबा हुसेन यांची लेखणी योगायोगाने विनोदाकडे वळली. मराठवाड्याप्रमाणेच निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्गा जिल्ह्यात 1936 साली जन्मलेले हुसेन उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर होते. 1962 मध्ये ‘सियासत’चे ‘शीशा-ओ-तेशा’ हे विनोदी सदर, म्हणजे ठरावीक जागी नियमित येणारे लेखन, चालवणारे शाहिद सिद्दीकी निवर्तले, तेव्हा ती जागा रिकामी राहू नये म्हणून ते काम हुसेन यांच्यावर सोपवण्यात आले. त्यांचे थोरले बंधू महबूब हुसेन जिगर हे याच पत्राचे सहसंपादक होते, हेही येथे ध्यानात घ्यावे. रोजच्या मुदतीने लादलेल्या या शिस्तीतूनच पुढे त्यांचे ‘खाके’, म्हणजे परिचितांची मिश्कील शब्दचित्रे, सिद्ध झाले, आणि स्वतःचीच थट्टा करण्याच्या धैर्यामुळे हे खाके त्यांच्या प्रासंगिक लेखनाहून सरस ठरतात. 1972 नंतरची दीर्घ नोकरी दिल्लीत झाली, तरी हैदराबाद सुटले नाही. 2007 मध्ये पद्मश्री मिळाली. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या निषेधार्थ ती परत करण्याची घोषणा त्यांनी डिसेंबर 2019 मध्ये केली आणि मे 2020 मध्ये हैदराबादेतच त्यांचे निधन झाले.