तरफ आणि शाफ्ट यांचा सांधा

बेळगावहून खानापूर, लोंढा व अनमोड घाटामार्गे गोव्यात उतरणारा रस्ता मुसळधार पावसाच्या मुलखातून जातो; अशा रस्त्यांवर स्प्रिंगांच्या हेलकाव्यांना आवर घालणाऱ्या जुन्या, तरफवाल्या शॉकॲब्झॉर्बरची खरी कसोटी एका लहानशा सांध्यात लागे. मॉरिस हूदाय या फ्रेंच संशोधकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आणि १९२७ अखेर आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीवर बसविलेल्या यंत्रात तेलाने भरलेल्या कोठीत पाते फिरे, आणि त्याला फिरविणारी तरफ शाफ्टच्या बाहेरील टोकावर जखडलेली असे.

समजा, १५ सेंटिमीटर लांबीच्या तरफेच्या टोकावर ५० किलोग्रॅमचा भार आला, तर २ सेंटिमीटर व्यासाच्या शाफ्टच्या पृष्ठभागी तोच १५ पट, म्हणजे ७५० किलोग्रॅम होतो, आणि चाक वर जाताना एका दिशेने तर खाली येताना विरुद्ध दिशेने सांध्यास पिळतो. या अखंड उलटापालटीत केसभर ढिलाईही घातक ठरते; तरफ शाफ्टला एकाच चावीने जखडलेली असल्यास ती चावी खाचेत खुळखुळू लागते, खाच रुंदावते, आणि लहान धक्के यंत्रापर्यंत पोहोचतच नाहीत.

म्हणून शाफ्टवर बारीक दाते कापून तरफेचे चिरलेले बूड आडव्या बोल्टने त्यांवर आवळण्याची योजना मला सर्वाधिक सुज्ञपणाची वाटते. भार सर्व दात्यांत विभागला जातो, आणि बोल्ट शाफ्टवरील आडव्या खाचेतून गेला असल्यास तो किंचित सैल झाला तरी तरफ निसटत नाही. दाते ३६ असल्यास तरफ १० अंशांच्या टप्प्यांनी हवी तशी बसविता येते. दाते झिजल्यावर ती शाफ्टला वेल्डिंगने चिकटविण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मग कोठी उघडण्यासाठी तरफ कापावीच लागते.