सोनोग्राफी यंत्राची परीक्षा
सोनोग्राफीच्या यंत्रावर चित्र उमटते, एवढ्यावरून ते निर्दोष मानणे धोक्याचे आहे. कारण प्रोबमधील शंभराहून अधिक सूक्ष्म स्फटिकांपैकी काही निकामी झाले, तरी उरलेल्यांच्या बळावर चित्र उमटतच राहते आणि दोष नजरेआड राहतो. म्हणून, ज्यातून ध्वनी मानवी ऊतींप्रमाणे सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो आणि ज्यात ठरावीक अंतरांवर बारीक तारा बसविलेल्या असतात, अशा ‘फँटम’ नामक ठोकळ्यावर प्रोब टेकवून पडद्यावरील अंतरे ताडून पाहतात. याहून सोपी, आणि माझ्या मते प्रत्येक दवाखान्यात नियमित व्हावी अशी परीक्षा म्हणजे पुसून कोरडा केलेला प्रोब हवेत धरणे: पडद्याच्या वरच्या भागातील आडवे पट्टे अखंड दिसावेत, जेथे उभी काळी रेघ दिसेल, तेथील स्फटिकाविषयी शंका घेऊन तारीखवार नोंद दप्तरी करावी व तंत्रज्ञास विनाविलंब पाचारण करावे.